कापसाच्या पानावरचं कुंपण

सर्दी आधी नवऱ्याला झाली होती. सुखदुःखाची वाटणी बरोबरीने व्हावी म्हणून असेल, तीन दिवसांनी ती कपाटवालीकडे आली, आणि चौथ्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता तिने जगातला एकुलता एक नमुना एका शिंकेसरशी उडवून दिला.

कपाटवाली म्हणजे निसर्ग संग्रहालयात कीटकांची कपाटं सांभाळणारी बाई. तिसऱ्या मजल्यावर, जिथे प्रेक्षकांना सोडत नाहीत, तिथे पत्र्याची एकशे चाळीस कपाटं होती. प्रत्येक कपाटात काचेच्या झाकणाचे वीस खण, आणि खणांत टाचण्यांवर टोचलेले भुंगे, टोळ, माश्या, पतंग. किल्ल्यांचा जुडगा कायम तिच्याजवळ, म्हणून तिला हे नाव पडलेलं. डांबरगोळ्या बदलायच्या, बुरशी लागत नाही ना ते बघायचं, कुणी अभ्यासक आला तर हवा तो खण काढून द्यायचा आणि परत घेताना डोळ्यात तेल घालून तपासायचा, हे तिचं काम. एकोणीस वर्षं तिने ते बिनबोभाट केलं होतं. किड्यांवर प्रेम वगैरे मात्र नव्हतं. घरात झुरळ दिसलं की ती खुर्चीवर चढायची आणि नवऱ्याला हाका मारायची.

"दिवसभर दोन लाख किड्यांत बसतेस आणि एकाला घाबरतेस?" नवरा विचारायचा.

"ते मेलेले असतात. मेलेल्यांचा काय त्रास?"

त्या दिवशी तिने तो खण उघडला होता, कारण परदेशातून एक अभ्यासक बाई दोन महिन्यांनी येणार होत्या. त्यांना कापसावरच्या एका बारीकशा पतंगाचा मूळ नमुना बघायचा होता. मूळ नमुना म्हणजे, एखाद्या जीवाला पहिल्यांदा नाव देताना ज्या एका देहाकडे बोट दाखवून 'हाच तो' म्हटलेलं असतं, तो देह. पुढे कुणाला शंका आली की त्याच्याशी ताडून बघायचं. या पतंगाची अळी लहानपणी कापसाच्या पानाच्या आत राहते. वरचा पापुद्रा आणि खालचा पापुद्रा यांच्यामधला हिरवा गर खात ती पुढे सरकते, आणि तिची वाट पानावर पांढरी, नागमोडी उमटते. अशा अळीला नागअळी म्हणतात. बावन्न वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्या पतंगाला नाव दिलं, एकच नमुना ठेवला, आणि त्यानंतर त्या खणाकडे कुणा अभ्यासकाने ढुंकूनही पाहिलं नाही.

कपाटवालीने झाकण काढलं, लेबल वाचायला वाकली, आणि शिंकली. तोंडावर बांधायचा रुमाल त्या दिवशी नाक पुसायच्या कामी लागलेला होता.

डोळे उघडले तेव्हा लेबल जागेवर होतं. टाचणी होती. टाचणीवरचा, पतंग डिंकाने चिकटवलेला भेंडाचा तुकडा होता. पतंग नव्हता.

मग तिने दार आतून लावून घेतलं आणि विजेरी घेऊन, ओला कुंचला हातात धरून, गुडघ्यांवर बसून ती फरशी इंच इंच बघत गेली. पतंग तो केवढा? मिटलेल्या पंखांनिशी तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढा. दुपारी दीड वाजता खणाच्याच कोपऱ्यात, कागदाच्या सुरकुतीत, एक पंख सापडला. बाकी काही नाही.

पंख खरंच त्याचाच आहे ना, हे बघायला तिने तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि जरा वेळ ती आपलं संकट विसरली. नुसत्या डोळ्यांना जो कोंड्याचा कण वाटत होता, तो रुपेरी पांढरा होता. त्यावर तीन तांबूस पट्टे तिरके गेलेले, आणि कडेला पिसासारखी लांब, मऊ झालर. एकोणीस वर्षांत हा खण तिने किती वेळा पुसला असेल. आत काय आहे ते तिला आज कळत होतं.

विभागाच्या मॅडमना तिने लपवाछपवी न करता सगळं सांगितलं.

"फूल ना फुलाची पाकळी," काचपट्टीवरच्या पंखाकडे बघत मॅडम म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. "तुमच्या फायलीत नोंद करावी लागेल. आणि आणखी एक. ज्यांनी या पतंगाला नाव दिलं, ते अजून आहेत. एक्क्याण्णव वर्षांचे. त्यांना पत्राने कळवायचं की कसं, ते तुम्हीच ठरवा."

कपाटवालीने मनाशी म्हटलं, गुन्हा नाकाने केलाय, माफी तरी तोंडाने मागावी. आणि ती गेली.

दार त्यांच्या लेकीने उघडलं. लेकही साठीच्या पुढची. जन्मभर इस्पितळात नर्स होती आणि निवृत्त झाल्यावर तीच शिस्त तिने वडिलांना लावली होती. म्हातारबाबा खिडकीशी बसले होते. सहा वर्षांपूर्वी त्यांची नजर पूर्ण गेली होती. ते ना प्राध्यापक होते ना शास्त्रज्ञ. एका कापड गिरणीत ते कापसाचे पारखी होते. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हळूहळू ओढायची आणि धागा किती लांब, किती बळकट, ते सांगायचं. त्यांच्या एका शब्दावर शेकडो गाठी घ्यायच्या की परत पाठवायच्या ते ठरायचं. किड्यांचा नाद हा फावल्या वेळचा.

कपाटवालीने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पारखी आजोबा ऐकत राहिले.

"शिंक एकच होती की लागोपाठ?"

"एकच, आजोबा."

"एका शिंकेत गेला? मग माझा डिंकच कच्चा होता. बावन्न वर्षं टिकला हे नवल म्हणायचं!" आणि ते खदाखदा हसायला लागले.

इतका वेळ आवरून धरलेलं कपाटवालीचं रडू त्या हसण्याने फुटलं. लेकीने तिला खुर्ची दिली आणि पाणी दिलं, तेही नर्सच्याच थाटात. "सावकाश प्या. घोट घोट."

"एक पंख राहिलाय," डोळे पुसत कपाटवाली म्हणाली.

"कुठला?"

"पुढचा. उजवा."

"वा! ओळख पटवायला तोच लागतो. म्हणजे आमचा गडी अजून पुरता गेलेला नाही." मग ते जरा पुढे वाकले. "तू त्याला जिवंत बघितलंयस का गं कधी?"

"नाही. मी नुसती कपाटं सांभाळते."

मग आजोबा सांगत बसले. गिरणीच्या गोदामामागे सांडलेली सरकी उगवून कापसाची झाडं आपोआप वाढायची. जेवणाच्या सुट्टीत ते तिथे जात. एकदा पानावर ही पांढरी वाट दिसली. कापूस हे त्यांचं पोट आणि ही त्याच्यावरची कीड, खरं तर चिरडूनच टाकायची. पण त्यांनी पान काड्यापेटीत घालून घरी आणलं. अळी काही दिवसांनी पानातून बाहेर आली. मग अंगाचा घोड्याच्या नालेसारखा बाक करून, वर रेशमाचं पातळ पांघरूण घेऊन तिने कात टाकली. मग उघड्यावर पान खाल्लं. आणि मग एका संध्याकाळी ते कामावरून आले, तर पानावर पांढरा कोष होता, आणि कोषाभोवती गोल कुंपण. रेशमाचे उभे खांब, एकाला एक न चिकटलेले, सारख्या अंतरावर, मोजून चौदा.

"तेव्हा मी एक दिवसाची रजा मागितली, ती कुंपण कसं घालते ते बघायला," आजोबा म्हणाले. "मॅनेजर म्हणाला, शत्रूला घर बांधताना बघायला रजा? मिळायची नाही! मी सात अळ्या वाढवल्या. सातही वेळा मी घरी येईपर्यंत कुंपण तयार. एकच पतंग धड बाहेर पडला, तो तुमच्याकडे दिला. त्याचं सगळं बघून झालं माझं, तेवढं एक सोडून. खांब उभा कसा राहतो? अंतर कसं मोजते? बहुतेक वेळा चौदाच, पण एकदा पंधरा का? पुढे गोदाम पाडलं. झाडं गेली." त्यांनी हात पसरले. "आता डोळे पण गेले. पण तुला आहेत ना?"

"बाबा, आता शहरात कापूस उरलाय कुठे?" लेक म्हणाली.

"सरकी सांडते तिथे कापूस उगवतो. कच्ची रुई अजून कोण वापरतं?"

लेकीने क्षणभर विचार केला. "गादीवाले."

पुढचे दोन रविवार कपाटवाली आणि लेक गादीवाल्यांची दुकानं पालथी घालत हिंडल्या. बहुतेकांकडे आता फोम. एकाने तर विचारलं, "कापूस? तो औषधाच्या दुकानात बघा." सोबत नवराही आला होता, पिशवी धरायला. पाचव्या दुकानानंतर त्याने पाय दुखतात म्हणून जी दांडी मारली ती मारलीच. अकराव्या दुकानात मात्र दारातच पिंजलेल्या रुईचा ढीग होता आणि ढिगामागून एक जाडजूड गादीवाली शिंतोडे झटकावेत तसे केसांतले तंतू झटकत बाहेर आली.

"झाडं? आहेत की. मागच्या भिंतीला चार. पण किडलीयत हो. पानांवरून गोगलगाय फिरल्यासारखे पट्टे. पुढच्या रविवारी उपटायचीच म्हणत होते."

"नको!" दोघी एकदम ओरडल्या. गादीवाली दचकून ढिगावर बसली.

मागच्या अंगणात चार झाडं होती, माणसाच्या खांद्याला लागतील एवढी, पिवळ्या फुलांची. कपाटवालीने एक पान उन्हाकडे धरलं. वाट सुरू होत होती केसाएवढी बारीक. वळत, मुरडत, शिरांना बगल देत ती रुंद होत गेली होती, मधोमध काळ्या विष्ठेची बारीक रेघ, आणि शेवटी एक चीर, दार लोटून निघून गेल्यासारखी. तिने दुसरं पान उलटलं. तिथे घोड्याची नाल होती, पापणीच्या केसाएवढी. तिसऱ्या पानावर एक हिरवट अळी होती. अळीने डोक्याकडचं टोक वर उचललं, चाचपलं, आणि ती कपाटवालीच्या बोटावर चढली. कपाटवालीने श्वास रोखून धरला, पण हात मागे घेतला नाही.

फांद्या पाण्याच्या बाटलीत घालून त्यांनी आजोबांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. आजोबांनी एक पान मागून घेतलं आणि अंगठ्याने हळूच चाचपत गेले. पोखरलेला भाग जरासा पातळ, जरासा कोरडा लागतो. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं.

"इथून आत गेली... इथे वळली, शीर लागली असणार... इथे खादाड झाली बघ, रुंद झाली... आणि इथून बाहेर." अंगठा नेमका चिरेवर थांबला.

कपाटवालीने तीन दिवसांची रजा काढली. तिला मॅनेजर चांगला मिळाला होता, मॅडम फक्त म्हणाल्या, "वहीत वेळ लिहीत जा." पण अळ्यांनी काही तिची रजा जुमानली नाही. पहिल्या दिवशी सकाळी येऊन बघते तर दोन कुंपणं तयार. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

"मी म्हटलं नव्हतं?" आजोबा जवळजवळ खूश होऊन म्हणाले. "लाजते ती."

तिसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता एक अळी खायची थांबली, पानाच्या खालच्या बाजूला गेली आणि अस्वस्थ फिरायला लागली. कपाटवालीने भिंग डोळ्याला लावलं. लेकीने नाडी मोजायचं जुनं घड्याळ काढलं. आजोबांनी दोन्ही हात टेबलाच्या काठावर ठेवले.

"बोल."

"थांबलीय. मागचे पाय एका जागी रोवलेत. आता पुढचं अंग लांब ताणलं... पानावर काहीतरी पेरतेय."

"पेरतेय म्हणू नकोस. काय करते तेवढंच सांग."

"तोंड पानाला लावते, उचलते. परत तिथेच लावते. पुन्हा उचललं. खाली काहीतरी उरलंय, आजोबा. एक टोक. त्याच्यावरच परत तोंड लावते, आणि दर वेळी आधीपेक्षा जरा वर. वाढतोय! तिच्या अंगाच्या जाडीएवढा झाला... आता दुप्पट. आता तिने छाती पार उचललीय. सोडला." कपाटवालीने स्वतःही श्वास सोडला. "खांब आहे. डुलतोय, पण उभा आहे."

"चार मिनिटं दहा सेकंद," लेक म्हणाली.

"पुढे?"

"मागचे पाय हलवले नाहीत. नुसतं पुढचं अंग वळवलं, खांबाला घासून जाईल इतकंच, आणि तिथे दुसरा सुरू."

आजोबांनी टेबलावर थाप मारायला हात उचलला आणि वेळेवर आवरला. "मागचे पाय हलतच नाहीत?"

"नाही. खुंटीला बांधलेली गाय गोल चरत जाते ना, तशी. खुंटीही ती स्वतःच आणि दोरीही ती स्वतःच."

"म्हणून गोल!" आजोबा पुटपुटले. "म्हणून सारखं अंतर! आपल्या अंगानेच मोजते. आणि मी मूर्ख, बावन्न वर्षं फूटपट्टी शोधत होतो."

नववा खांब संपत आला तेव्हा लेक चहा घेऊन आली. कप जपूनच ठेवला, पण टेबल किंचित हललं, आणि नववा खांब झुकून पानावर आडवा झाला. लेकीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. चाळीस वर्षांत कुणाच्या अंगात सुई मोडली नव्हती तिने.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"खांब पडला. माझ्यामुळे," लेक म्हणाली.

"ती काय करतेय?"

कपाटवालीने भिंग सावरलं. तिने कोपर टेबलाला टेकवलं. "थांबलीय. डोकं फिरवतेय. पडलेल्या खांबाला चाचपलं... सोडून दिला. त्याच्या शेजारी तोंड लावलं. आजोबा, ती नवा उभा करतेय. पहिल्यापासून."

आजोबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "पंधरा. त्या एका कुंपणात एक खांब मला जरा आडवा दिसला होता. मी वहीत लिहिलं, हिला मोजता येत नाही. केवढा अन्याय केला मी तिच्यावर!"

कुंपण पुरं व्हायला तास वर दहा मिनिटं लागली. मग अळी मधोमध आली आणि कोष विणायला घेतला. एक एक कमान रचत, लांबीला उभ्या रेघा उठवत अर्धा कोष केला, त्यात शिरून वळली आणि आतूनच दुसरा अर्धा विणत त्याला जोडत आली. शेवटची फट बुजली तेव्हा साडेपाच वाजले होते. कप जिथल्या तिथे, चहावर साय. कपाटवालीची मान आखडली होती आणि वहीची अकरा पानं भरली होती.

"आजोबा," ती म्हणाली, "ही हे कुणाकडून शिकली? आई तर अंडं घालून उडून गेलेली."

"ते मला विचारू नकोस. मी फक्त रुई ओढून बघणारा माणूस."

त्या वहीवरून आजोबांनी तोंडी सांगत आणि कपाटवालीने लिहीत एक टिपण तयार केलं. दोघांनीही खाली सही करावी असा आजोबांनी हट्ट धरला. पुढे परदेशातल्या बाई आल्या तेव्हा त्यांनी तो पंख बघितला, नवे पतंग ताडून बघितले, आणि मूळ नमुना म्हणून तो एकटा पंखच कायम राहील असं ठरवलं. मग दुपारभर त्या खांबांबद्दलच विचारत राहिल्या. कपाटवाली हातवारे करून सांगत होती आणि मॅडम दुभाष्याचं काम करत होत्या. फायलीतली शिंकेची नोंद मात्र मॅडमनी खोडली नाही. "झालं ते झालं. हेही झालं," असं म्हणून त्यांनी टिपणाची एक प्रत तिच्याच मागे टाचून ठेवली. गादीवालीने झाडं उपटली नाहीतच, उलट गिऱ्हाइकांना मागे नेऊन ती सांगायला लागली, "फोमवर हे बसत नाहीत हो. यांना खरा माल कळतो."

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, कोष विणल्यापासून नवव्या दिवशी सकाळी, कपाटवाली आजोबांकडे गेली तेव्हा कोषांची पानं ठेवलेल्या बरणीत पहिला पतंग बाहेर आला होता. कोषाच्या टोकातून रिकामी साल अर्धी डोकावत होती आणि पतंग एका खांबाला धरून पंख वाळवत होता. डोक्यावर विस्कटलेला पांढरा तुरा, झोपेतून उठल्यासारखा. उन्हाची तिरीप आली की पंखावरचे तांबूस पट्टे सोन्याचे व्हायचे. तिने हा रंग सूक्ष्मदर्शकाखाली बघितला होता, पण तेव्हा तो श्वास घेत नव्हता.

बरणीच्या तोंडावरची जाळी लेकीने काढली, पानं ओली ठेवायला पाण्याचं बोट फिरवावं म्हणून, तेवढ्यात पतंग निघाला. गिरकी घेतली, आणि टेबलावर टेकलेल्या आजोबांच्या बाहीवर जाऊन बसला. दोघीही जागच्या जागी थिजल्या.

"काय गं, गप्प का झालात?" आजोबांनी विचारलं.

"हलू नका. तुमच्या डाव्या बाहीवर बसलाय."

आजोबांचा हात तसाच राहिला. "कुठे? मनगटाजवळ?"

"बटणाच्या वर. मिशा अंगाखाली मागे वळवून घेतल्यात. पुढून जरा उंच उभा राहिलाय, ऐटीत."

"कापडाचं सूत कसलं आहे?"

"सुती आहे, बाबा," लेक म्हणाली.

"हां, मग बरोबर बसलाय." ते हळूच हसले, बाही हलू न देता. स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही.

"अजून आहे?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"आहे," कपाटवाली म्हणाली.